दर्भाचा कावळा

गेल्या वर्षीं वैशाखांतल्या एका संध्याकाळीं आमची पुतणी चि. मुक्ता आम्हांला म्हणाली, "काका, मी सध्यां झॉम्बी वाचतें आहें." तें ऐकून आम्हांला मोठा संतोष झाला. आनंद यादव यांची 'झोंबी' १९८७ सालीं निघाली तेव्हांपासून ती आमच्या कपाटांत आहे. शिक्षणासाठीं एका शेतकऱ्याच्या पोरानें परिस्थितीशीं व प्रत्यक्ष जन्मदात्याशीं घेतलेली ती झोंबी इंग्रजी शाळेंत शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीनें आपण होऊन हातीं घ्यावी, यांत आमच्या घरच्या संस्कारांचा विजय आम्हांला दिसला, व तो आम्हीं दोन दिवस घरांत सर्वांना सांगितलाहि. तिसऱ्या दिवशीं मातोश्रींनीं आम्हांला हांक मारली. मुक्ताच्या उशाखालीं सांपडलेलें एक इंग्रजी पुस्तक त्यांनीं दोन बोटांच्या चिमटींत धरलें होतें. "हीच का रे तुझी झोंबी?" त्यांनीं विचारलें.

पुस्तकाचें नांव होतें 'रॉट अँड रूइन'. लेखक जोनाथन मॅबेरी नांवाचे अमेरिकन गृहस्थ. प्रकाशन २०१० सालचें. चार पानें चाळतांच आमचा भ्रम फिटला. मेलेलीं माणसें उठून जिवंतांना चावत सुटलीं आहेत, जुनें जग बुडालें आहे, आणि अशा जगांत एक पंधरा वर्षांचा मुलगा व त्याच्याच वयाची एक मुलगी जीव वांचवितां वांचवितां एकमेकांवर प्रेम करावयास शिकत आहेत, असा एकंदर प्रकार. मातोश्रींना त्यांतल्या प्रेतांचा विटाळ वाटला, आमच्या कुटुंबाला पंधराव्या वर्षींच्या प्रेमाची काळजी वाटली, आणि आम्हांला आपली फजिती झाल्याचा राग आला. तिघांचीं कारणें निराळीं, पण निकाल एक झाला. पुस्तक आमच्या टेबलाच्या खणांत गेलें, व अकरावीचा प्रवेश पार पडेपर्यंत असलें वाचन बंद, असें आम्हीं मुक्ताला सांगितलें.

मुलीनें वाद घातला नाहीं. "ठीक आहे, काका," एवढेंच म्हणाली आणि वर निघून गेली. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलांना हें 'ठीक आहे' फार लवकर म्हणतां येऊं लागतें, आणि त्याचा अर्थ बहुधा तसा नसतो, हें आपल्यापैकीं ज्यांचीं घरें आमच्यासारखीं आहेत त्यांना सांगावयास नको.

आमचें घर जुन्या वळणाचें आहे. तीन भावांचे संसार एकाच इमारतींत दोन मजल्यांवर राहतात, पण चूल एक आहे. मुक्ताचे वडील म्हणजे आमचे सर्वांत धाकटे बंधु. २०२१ सालच्या एप्रिलअखेर ते करोनानें गेले. त्या वेळीं मुक्ता बारा वर्षांची होती. तेव्हांपासून या घरांत तिला कशाचीहि उणीव पडूं दिली नाहीं, असें आम्ही चारचौघांत म्हणत असूं, आणि तें खोटें नाहीं. फक्त त्या दिवसांविषयीं घरांत कोणी बोलत नसे. मुलीला त्रास होईल, असें आम्ही त्याचें कारण देत होतों. खरें कारण निराळें होतें, व तें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्या रात्रीं झोंप येईना म्हणून आम्हीं खण उघडला. जप्त केलेला माल अधिकाऱ्यानें स्वतः चाखून पाहावा, तसाच हा प्रकार. पण चाखतां चाखतां पहांट झाली.

कथा अशी आहे. मृतांच्या उठावाला चौदा वर्षें झालीं आहेत. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांत कुंपण घालून वसविलेल्या एका लहानशा गांवांत बेनी इमुरा नांवाचा मुलगा आपल्या मोठ्या सावत्र भावाजवळ राहतो. गांवचा नियम असा कीं, पंधरा वर्षें पुरीं झालेल्या मुलानें कांहीं काम धरलें नाहीं तर त्याचा शिधा निम्मा होतो. नाइलाजानें बेनी भावाच्या हाताखालीं जातो. हा भाऊ, टॉम, कुंपणाबाहेर जाऊन मृतांचा बंदोबस्त करतो, आणि त्या कामाबद्दल गांव त्याला मानतें. बेनी मात्र त्याचा मनांतून द्वेष करतो. कारण त्याची पहिली आठवण अशी आहे: दीड वर्षाचा असतांना, त्या पहिल्या भयंकर रात्रीं, आईनें त्याला टॉमच्या हातांत दिलें आणि टॉम आईला तेथेंच सोडून पळाला. भाऊ भित्रा आहे, ही खूणगांठ बाळगून तो मुलगा वाढला आहे.

पुढें कुंपणाबाहेर गेल्यावर त्याला दिसतें कीं, भावाचें काम त्याला वाटलें होतें तसें नाहीं. दुसरे लोक मृतांना हालहाल करून मारण्यांत मौज मानतात. टॉम तसें करीत नाहीं. गांवांतील एखादें कुटुंब त्याच्याकडे येतें, आपल्या माणसाचें चित्र देतें, आणि एक पत्र देतें. टॉम त्या माणसाला, म्हणजे त्याच्या चालत्या देहाला, हुडकून काढतो. त्याला बांधतो. मग त्याच्यापुढें उभा राहून घरच्यांचें तें पत्र त्याला मोठ्यानें वाचून दाखवितो. ऐकणाऱ्याला कांहीं कळत नाहीं, हें टॉमला ठाऊक आहे. तरीहि तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो, आणि त्यानंतर शक्य तितक्या लवकर व हळुवारपणें त्याला कायमची शांति देतो.

येथें आम्हीं पुस्तक मिटलें. डोळ्यांपुढें आमची स्वतःची गच्ची आली होती. तिची हकीकत पुढें येईलच.

सकाळीं आम्हीं पुस्तक मुक्ताच्या हातांत दिलें व तें वाचल्याचें कबूल केलें. ती आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "सगळें?" आम्हीं होय म्हटलें. तेव्हां तिनें वरून आणखी दोन पुस्तकें आणून आमच्यापुढें ठेवलीं आणि म्हणाली, "मग हींहि वाचा." वडीलकीचा अधिकार एकदां खणाबाहेर पडला कीं तो परत आंत जात नाहीं. त्या पावसाळ्यांत आम्हीं एवढ्या झॉम्बींचा समाचार घेतला कीं, मातोश्री आमच्या खोलीची पायरी चढेनाशा झाल्या.

कोणत्याहि गोष्टीचा उगम शोधावयाचा, ही आमची जुनी खोड आहे. त्याप्रमाणें शोधतां कळलें कीं हा शब्द कॅरिबियन समुद्रांतील हैती देशाचा आहे. तेथें फ्रेंचांच्या वसाहतींत उंसाचे मळे होते, व त्यांत आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत. १७९१ सालीं त्यांनीं बंड केलें आणि १८०४ सालीं स्वतंत्र राष्ट्र उभारलें. पण गुलामगिरीची भीति लोककथेंत राहिली. मांत्रिक मेलेल्या माणसाला उठवितो आणि त्याच्याकडून शेतांत काम करून घेतो, तो झॉम्बी. हैतीच्या लोकांना झॉम्बी चावेल अशी भीति नव्हती. आपणच झॉम्बी होऊं, मरणानंतरहि आपली सुटका होणार नाहीं, ही भीति होती. तेथें अशी एक समजूत आहे कीं, झॉम्बीला मीठ खाऊं घातलें तर त्याला आपण मेलेलों आहों हें आठवतें, आणि तो धन्याचें काम टाकून आपल्या थडग्याकडे चालूं लागतो. खाल्ल्या मिठाला जागणें याचा अर्थ आपण धन्याशीं इमान राखणें असा करतों. तिकडे मीठ खाल्ल्यावर माणूस जागा होतो तो धन्याला सोडण्यासाठीं.

१९१५ ते १९३४ या काळांत हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यांत होता. त्या अवधींत, १९२९ सालीं, विल्यम सीब्रुक यांचें 'द मॅजिक आयलंड' हें प्रवासवर्णन निघालें, आणि १९३२ सालीं 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट. अमेरिकेला या कल्पनेची चटक लागली ती तेथून. परंतु आजच्या झॉम्बीचा खरा जनक म्हणजे पिट्सबर्गचे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. त्यांच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटांत झॉम्बी हा शब्द एकदांहि उच्चारलेला नाहीं. पण मृत उठतात, जिवंतांना खातात, आणि हा प्रकार सर्वत्र पसरत जातो, ही घडण त्यांचीच. चित्रपटाचें नांव बदलतांना स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावरून गळाली, आणि हक्क गेल्यामुळें तो कोणीहि फुकट दाखवूं लागलें. त्यामुळें तो साथीसारखा पसरला. त्यांत एक प्रसंग आहे. तळघरांतील आजारी मुलगी मरून उठते, आणि तिच्या आईचा हात तिच्यावर उगारला जात नाहीं. आमच्या मतें ही सगळी कथापरंपरा त्या एका न उगारलेल्या हातांतून निघाली आहे. राक्षसाला मारणें सोपें आहे. आपल्या माणसाचें काय करावयाचें?

आपल्याकडेहि भुताखेतांची वाण नाहीं. पण आपलें भूत म्हणजे देहावांचून तळमळणारा जीव. झॉम्बी म्हणजे जीवावांचून चालणारा देह. त्यांतल्या त्यांत प्रेतांत शिरणारा वेताळ जवळचा, पण तो तर राजाला कोडीं घालतो. बोलणाऱ्या भुताशीं कांहीं तरी तडजोड करतां येते. त्याची इच्छा विचारतां येते, पुरवितां येते. झॉम्बीला इच्छा नाहीं, ओळख नाहीं. म्हणूनच कीं काय, ही कल्पना आपल्याकडे उशीरा आली. २०१३ सालीं गोव्याच्या पार्श्वभूमीवर एक हिंदी चित्रपट निघाला आणि २०२२ सालीं आपल्या डोंबिवलीवर 'झोंबिवली' हा मराठी चित्रपट निघाला. दोन्ही मुख्यतः हंसविणारे. गंभीरपणें घेण्याइतकी ही भीति आपली नव्हती. करोनाच्या काळांत मात्र आपलें माणूसच आपल्याला धोक्याचें होऊं शकतें, त्याला शिवावयाचें नाहीं, दुरूनच पाहावयाचें, ही गोष्ट आमच्यासारख्या घरांनाहि कळली.

आतां प्रेमाविषयीं, कारण आमच्या कुटुंबाचा आक्षेप तेवढ्यापुरताच होता. या पुस्तकांत तें आहे, आणि भरपूर आहे. 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ' ही कॅरी रायन यांची २०० ९ सालची कादंबरी घ्या. कुंपणाच्या आंत एक गांव आहे, त्यावर मठांतील भगिनींची कडक सत्ता आहे, आणि कुंपणापलीकडे रानभर मृत भटकत आहेत. मेरी नांवाच्या मुलीचें लग्न एकाशीं ठरतें, तिचें मन त्याच्या भावावर असतें, आणि त्या दोघांपेक्षांहि तिला ओढ आहे ती कधीं न पाहिलेल्या समुद्राची. तिची आई नाहींशा झालेल्या पतीच्या ध्यासानें कुंपणाजवळ जाते आणि तिला बाधा होते. मरणाऐवजीं ती रानांत, मृतांत, जाणें पत्करते, कारण तेथें कदाचित् तिचा नवरा असेल. आयझॅक मॅरियन यांच्या 'वॉर्म बॉडीज' मध्यें तर नायकच झॉम्बी आहे. स्वतःच्या नांवाचें एकच आद्याक्षर त्याला आठवतें. तो विमानतळावर राहतो. आणि ज्युली नांवाच्या जिवंत मुलीच्या सहवासानें त्याचें थंड काळीज हळूंहळूं पुन्हां चालूं लागतें. शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटची छाया त्यांत उघड आहे. २०१३ सालीं त्याचा चित्रपटहि झाला.

सगळींच पुस्तकें चांगलीं आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कांहींत रक्तमांसाचा नुसता चिखल आहे, आणि दोन मुलगे व एक मुलगी हा त्रिकोण इतक्यांदां आला कीं पुढें पुढें तो दिसतांच आम्ही पानें उलटूं लागलों. पण जीं चांगलीं आहेत त्यांत एक गोष्ट आम्हांला सारखी जाणवली. या जगांत एखादा हात पुढें येतो तो चावणाऱ्याचा असतो किंवा सांवरणाऱ्याचा, आणि तो कोणाचा हें ओळखण्याला क्षणाचाच अवधि असतो. मुलगा व मुलगी एकमेकांचा हात धरतात तो खेळ नसतो. समोरचें माणूस जिवंत आहे याची ती खात्री असते. २०२० पासून दोन वर्षें आपण आपल्या मुलांना एकच धडा दिला, कीं कोणाला हात लावूं नको. आज तीं सोळासतरा वर्षांचीं आहेत. हात धरण्यावर लिहिलेलीं पुस्तकें त्यांनीं उशाखालीं ठेवलीं तर त्यांत नवल काय? आम्हीं हें कुटुंबाला समजावून सांगितलें. तिनें 'वॉर्म बॉडीज' मागून घेतलें, दोन दिवसांनीं परत केलें, आणि मुलगा सालस आहे, असा अभिप्राय दिला.

दुसरी गोष्ट याहून बोंचरी आहे. या कथांतून वडीलधारीं माणसें बहुधा कांहीं तरी लपवीत असतात. रायन यांच्या गांवांत भगिनी बाहेरच्या जगाविषयीं खरें सांगत नाहींत. मॅबेरी यांच्या गांवांत 'पहिल्या रात्री' विषयीं बोलणेंच लोक टाळतात. कोरियाची 'ऑल ऑफ अस आर डेड' ही मालिका २०२२ सालीं आली. जू डोंग-गून यांच्या २००९ ते २०११ मधील चित्रकथेवर ती बेतली आहे. तींत शाळेंत कोंडलेलीं मुलें वडील मंडळी येतील म्हणून वाट पाहतात, आणि कोणी येत नाहीं. ती पाहतांना पुष्कळांना २०१४ सालची सेवोल बोट आठवली. त्या बोटीवर मुलांना जागेवरच थांबा म्हणून सांगितलें गेलें, मुलें थांबलीं, ३०४ माणसें गेलीं, त्यांत २५० एकाच शाळेचे विद्यार्थी होते. मुलांना भुतांची भीति वाटते तशीच या 'थांबा, आम्ही सांगूं' म्हणणाऱ्या वडिलांचीहि वाटते, हें आम्हांला तेव्हां प्रथम कळलें. आमच्या घरांतहि चार वर्षें आम्ही 'थांब' असेंच म्हणत होतों.

भाद्रपदांत, पितृपंधरवड्याच्या एका दुपारीं, मुक्ता गच्चीवर पुस्तक घेऊन बसली होती. आम्ही तेथें गेलों तेव्हां तिनें पुस्तकांतून डोकें वर न काढतां विचारलें, "काका, टॉम तें पत्र कां वाचतो? त्याला माहीत असतें ना, कीं त्यांना कळत नाहीं."

आम्हीं तिला उत्तर दिलें कीं, आपल्याकडेहि तसेंच आहे. दहाव्या दिवशीं पिंड मांडतात. कावळा शिवेना तर घरचीं माणसें हात जोडून मोठ्यानें बोलतात. तुझ्या मुलीचें शिक्षण आम्ही करूं, तुझ्या आईला अंतर देणार नाहीं, तुझें देणें फेडूं, असें एकेक सांगतात. मेलेल्यानें ऐकलें कीं नाहीं हें कोणाला ठाऊक. पण चारचौघांत तें बोलावें लागतें, आणि बोललें कीं तें बोलणाऱ्याला बांधतें. आम्हांला हें उत्तर चांगलें साधलें असें वाटलें.

मुक्ता म्हणाली, "पण बाबांच्या वेळीं तुम्ही कोणी कांहीं बोललांत कुठें? कावळा समोरच्या टाकीवर बसला होता. मी खालच्या खिडकींतून पाहत होतें. तुम्ही कोणी कांहीं बोललांच नाहीं."

वाचकहो, तें खरें होतें. त्या दहाव्या दिवशीं मुक्ता व तिची आई खालच्या खोलींत विलग होत्या. घाटावर जाणें शक्य नव्हतें म्हणून आम्हीं गच्चीवर पिंड मांडले. गुरुजी दूरध्वनीच्या पडद्यावरून मंत्र सांगत होते. कावळा आला, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसला, आणि तेथून हलेना. गुरुजी म्हणाले, कांहीं इच्छा राहिली असेल, बोला. मधले बंधु आमच्याकडे पाहूं लागले, कारण वडील आम्ही. आम्हीं तोंड उघडलें नाहीं. असा पाऊण तास गेला. गुरुजींना त्या दिवशीं आणखी तीन ठिकाणचे विधि सांगावयाचे होते. अखेर त्यांनीं दर्भाचा कावळा करावयास सांगितलें. आम्हीं दर्भाला गांठ मारली, ती पिंडाला लावली, आणि विधि संपला. खरा कावळा तेव्हांहि टाकीवरच होता.

आम्ही कां बोललों नाहीं? बोलावयाचें काय, हें आम्हांला नेमकें ठाऊक होतें म्हणून. ज्या पहांटे बंधु गेले त्या पहांटे इस्पितळाच्या दाराशीं आम्ही एकटेच होतों. एका सेवकानें बाहेर येऊन विचारलें कीं, एकानें हा पोषाख चढवून आंत यावें, दुरून तोंड पाहावयास हरकत नाहीं. पांढरा पोषाख त्याच्या हातांत होता. आम्ही नको म्हणालों. आम्हांला भीति वाटली. त्या गृहस्थानें आग्रह केला नाहीं. त्यानें असे पुष्कळ पाहिले असतील. घरीं येऊन आम्हीं सांगितलें कीं, परवानगी मिळाली नाहीं. मातोश्रींना तसेंच सांगितलें, भावजयीला तसेंच सांगितलें. तीं सर्वांनीं खरें मानलें, कारण त्या दिवसांत पुष्कळांना खरोखरच मिळत नव्हती.

त्या दुपारीं हें सर्व आम्हीं मुक्ताला सांगितलें. मॅबेरी यांच्या कादंबरींत बेनीला अखेर कळतें कीं, आईला बाधा झाली होती, तिनेंच टॉमला विनविलें होतें कीं बाळाला घेऊन पळ. आणि ज्याला तो भित्रा समजत होता तोच भाऊ सर्वांत धैर्याचा होता. मग दोघे भाऊ आपल्या जुन्या घरीं जाऊन आईवडिलांना शांति देतात. आमची गोष्ट उलटी होती. मुक्ता आम्हांला धीराचे समजत होती. आम्हांला पळ म्हणून कोणी विनविलें नव्हतें.

ती बराच वेळ बोलली नाहीं. आम्हांला वाटलें, ती रडेल. तेंहि झालें नाहीं. पुढें तिनें विचारलें, "आईला माहीत आहे?" आम्हीं नाहीं म्हटलें. "तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी नाहीं सांगणार." पुस्तक घेऊन ती खालीं गेली. जातांना ती रागावली होती कीं नाहीं, हें आम्हांला आजहि सांगतां येत नाहीं. त्यानंतर आठ दिवस ती आमच्याशीं कामापुरतेंच बोलली, आणि तें आम्हांला योग्यच वाटलें.

भावजयीला आम्हीं त्याच रात्रीं सांगितलें, मातोश्रींच्या समक्ष. भावजय म्हणाली, "मला दुसऱ्या कोणाकडून कळलें असतें तर मी या घरांत राहिलें नसतें." याहून अधिक ती त्याविषयीं बोलली नाहीं. मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मुक्ताजवळ बसून तिच्या वडिलांच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. चार वर्षांत प्रथमच त्या घरांत ते नांव मोठ्यानें उच्चारलें गेलें.

अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रानें २०११ सालीं तरुणांसाठीं एक युक्ति केली होती. झॉम्बी आले तर काय कराल, असें विचारून पाणी, औषधें, महत्त्वाचे कागद घरांत एकत्र तयार ठेवावे, हा उपदेश त्यांनीं केला. कारण वादळ किंवा साथ आली तरी त्याच वस्तु लागतात. युक्ति चांगली होती. २०२० सालीं आम्हींहि डाळतांदूळ भरले, औषधें भरलीं. निरोप घेण्याची तयारी मात्र आमच्या घरांत कोणी केली नव्हती, आणि ती शिकविणारीं पुस्तकें आलीं तेव्हां आम्हीं तीं खणांत घातलीं. मुलांच्या उशाखालीं असलें कांहीं सांपडलें तर आमच्या वयाच्या मंडळींनीं तें आधीं वाचावें, एवढेंच आमचें सांगणें आहे. मुलें भुतांच्या गोष्टींत रमलेलीं नसतात. बहुधा तीं आपल्याच घरांतल्या एखाद्या न बोललेल्या गोष्टीचा माग काढीत असतात.

यंदा चैत्रांत बंधूंची तिथि आली. श्राद्ध झालें. गच्चीवर कावळ्यासाठीं पान ठेवावयाचें होतें. आम्ही निघालों तेव्हां मुक्ता म्हणाली, "मी नेतें." तिच्या हातांत वहीचा एक घडी केलेला कागद होता. आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबलों; पुढें गेलों नाहीं. तिनें पान ठेवलें, दोन पावलें मागें सरली, कागद उघडला आणि वाचूं लागली. वारा असल्यामुळें शब्द आमच्यापर्यंत आले नाहींत. कावळा मात्र लगेच आला. तिचें पत्र अर्धेंहि झालें नसेल तोंच त्यानें घांस उचलला आणि तो उडून गेला. तिनें एकदां मान वर करून त्याच्याकडे पाहिलें, आणि राहिलेलें पत्र शेवटपर्यंत वाचलें.